‘डी’वर टाकलं आणि गाडी विचारात पडली

परवा रात्री अमेरिकेतल्याच कोलंबसहून मावसभावाचा फोन आला. “दादा, एक मिनीव्हॅन बघितलीय. वीस वर्षांची आहे, पण १ लाख ५२ हजार मैलच झालेत. २,८०० डॉलर सांगतोय. घेऊ का?”

‘मैलच’ मधला तो ‘च’ ऐकून हसू आलं. किलोमीटरमध्ये हा आकडा अडीच लाखांच्या घरात जातो. पण त्याची अडचण खरी होती. मे महिन्यात त्याचे आईवडील आणि सासूसासरे असे चौघंही एकदम येणार. त्यात हे नवराबायको आणि गाडीच्या सीटमध्ये बांधलेलं एक पोर. सात माणसं सेडानमध्ये कुठे बसवणार? अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांत मिनीव्हॅन याच रस्त्याने येते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, मिनीव्हॅन म्हणजे आपली ओम्नी नव्हे. इनोव्हाहून लांब-रुंद, सरकत्या दारांची, सात-आठ जणांना घेणारी आणि रिकामी असतानाच दोन टनांच्या आसपास भरणारी ही गाडी. नाव सोडलं तर तिच्यात मिनी असं काही नाही.

भावाने इंजिनचं विचारलं, टायरचं विचारलं, एसीचं विचारलं. ट्रान्समिशनचं म्हणजे गिअरबॉक्सचं विचारलंच नाही. आणि जुन्या मिनीव्हॅनमध्ये घात होतो तो बऱ्याचदा तिथेच. इंजिन ठणठणीत असतं, पत्रा शाबूत असतो, आणि गाडी भंगारात जाते ती गिअरबॉक्समुळे.

क्लच आहे, फक्त पायाखाली नाही

मॅन्युअल गाडीत काय होतं ते आपल्याला पायानेच माहीत आहे. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. क्लच दाबला की दोघांची फारकत, सोडला की जोडणी. फारकत झालेली असताना आपण गिअर बदलतो. चढावर पहिला, सपाटीला चौथा.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचच नसतो असा अनेकांचा समज आहे. खरं तर तिथे एक नाही, चार-पाच क्लच असतात. प्रत्येक क्लच म्हणजे पातळ चकत्यांची एक चळत, आणि ती सगळी तेलात बुडालेली. ती दाबायला तुमचा पाय लागत नाही. ते काम तेलाचा दाब करतो.

आधी इंजिनची ताकद आत कशी येते ते बघू. बादलीभर पाण्यात एक वाटी तरंगत सोडा आणि हाताने पाणी गोल ढवळा. हात वाटीला लागत नाही, तरी वाटी फिरायला लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसलेला टॉर्क कन्व्हर्टर हेच करतो. इंजिनच्या बाजूची पाती तेल भिरकावतात आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरची पाती फिरतात. म्हणून सिग्नलला गाडी ‘डी’मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही. हात चालू आणि वाटी धरून ठेवलेली, असा तो प्रकार. पण ढवळलेलं पाणी आणि वाटी यांच्या वेगात नेहमी थोडा फरक राहतो, आणि त्या फरकाची उष्णता होते. उष्णतेची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे.

आता गिअर. टेबलावर एक गोल पेन्सिल आडवी ठेवा, वर तळहात ठेवा आणि हात १० सेंटीमीटर पुढे सरकवा. पेन्सिल ५ सेंटीमीटरच सरकेल. आता पेन्सिलीखाली एक कागद घाला, आणि हात व कागद दोन्ही एकदम पुढे न्या. पेन्सिल पूर्ण १० सेंटीमीटर जाईल. पेन्सिल तीच, हात तोच. खालची बाजू धरून ठेवली तर निम्मा वेग, बरोबर नेली तर पूर्ण. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये हीच युक्ती गोलाकार दातेरी चाकांत बसवलेली असते. कुठलं चाक धरून ठेवायचं आणि कुठलं कुणाशी जोडायचं, हे ठरलं की गिअर ठरला. धरण्याचं आणि जोडण्याचं काम त्या तेलातल्या क्लचांचं. होंडाने मात्र वर्षानुवर्षं वेगळी वाट धरली. तिच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअलसारखेच समांतर दांडे आणि गिअरच्या जोड्या असतात, आणि प्रत्येक गिअरला आपापला क्लच.

तेल कुठल्या क्लचकडे सोडायचं हे एक कॉम्प्युटर ठरवतो. त्याच्या हुकमाने विजेवर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या छोट्या तोट्या म्हणजे सोलेनॉइड. आतली रचना एवढ्यावर समजते.

लग्नघरातला एकटा काका

प्रत्येक लग्नघरात एक काका असतो. मांडववाल्याशी तोच बोलतो, भटजींना आणायला तोच जातो, आचाऱ्याला तेलाचा डबा तोच नेऊन देतो आणि रुसलेल्या आत्याची समजूतही तोच काढतो. तो दमून खुर्चीत बसला की कार्य अडतं.

ऑटोमॅटिक ट्रान्समिशनमधलं तेल म्हणजे हा काका. इंजिनची ताकद तेच पोचवतं, क्लच तेच दाबतं, दात्यांना वंगण तेच देतं, आतली उष्णता बाहेर तेच नेतं. पाचवं काम जरा नाजूक आहे. क्लचच्या चकत्या एकमेकींना नेमक्या किती घट्ट धरणार हेही या तेलातल्या रसायनांवर ठरतं. कारच्या इंजिन ऑइलवर ही जबाबदारी नसते.

हे तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सियसला सुखात असतं. त्याहून जास्त तापू लागलं की बिघडतं. मेकॅनिक लोकांत एक ठोकताळा आहे: दर ११ अंश वाढीला तेलाचं आयुष्य निम्मं. तो तंतोतंत खरा धरू नका, पण दिशा बरोबर आहे. तेल बिघडलं की क्लच नीट धरत नाहीत, घसरतात. घसरले की घर्षणाने आणखी तापतात, आणि तेल आणखी बिघडतं. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

मिनीव्हॅनच का?

वजन हे पहिलं कारण. सेडानसाठी आखलेलं किंवा तिच्याच घराण्यातलं ट्रान्समिशन दोन टनांच्या गाडीखाली घालायचं, वर सात माणसं आणि त्यांच्या बॅगा. दुसरं कारण वापर. शाळा, किराणा, पोहण्याचा क्लास, पुन्हा शाळा. दिवसभर थांबा-निघा, थांबा-निघा, आणि प्रत्येक निघण्यात बादली ढवळली जाते.

या दोन कारणांच्या पलीकडे गाजलेली दोन प्रकरणं आहेत, आणि दोन्ही तेलाशीच येऊन थांबतात.

अमेरिकेत मिनीव्हॅन रुजवली क्रायस्लरने, १९८४ च्या मॉडेलपासून. १९८९ मध्ये त्यांनी अल्ट्राड्राइव्ह नावाचं चार गिअरचं नवं ट्रान्समिशन आणलं. सगळा कारभार कॉम्प्युटरकडे, आणि क्लच जसे झिजतील तसं स्वतःला जुळवून घेण्याची सोय. कल्पना काळाच्या पुढची होती, पण सुरुवातीच्या वर्षांत ते बदनाम झालं. कारणं अनेक होती. त्यातलं एक ऐकून कपाळावर हात जातो. या ट्रान्समिशनला क्रायस्लरचं स्वतःचं खास तेल लागायचं, आणि कंपनीच्याच लिखित सूचनांत डेक्सरॉन, म्हणजे जनरल मोटर्सच्या मानकाचं कुठल्याही दुकानात मिळणारं तेल, चालेल असं म्हटलेलं होतं. ते चालत नव्हतं. लोकांनी विश्वासाने ओतलं आणि क्लच थरथरू लागले.

दुसरं प्रकरण होंडाचं. १९९९ ते २००१ च्या ओडिसी या त्यांच्या मिनीव्हॅनमध्ये चार गिअरचं ट्रान्समिशन होतं. तक्रारी इतक्या आल्या की होंडाने त्याची वॉरंटी ७ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. २००२ पासून पाच गिअर आले. मग एप्रिल २००४ मध्ये होंडाने अमेरिकेत सुमारे ११ लाख गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्यात २००२ ते २००४ च्या ओडिसी होत्या, होंडाच्याच पायलट आणि अ‍ॅक्युरा या नावांच्या काही गाड्याही होत्या. ठरावीक परिस्थितीत दुसरा गिअर इतका तापायचा की दाता तुटून चालत्या गाडीचा गिअरबॉक्स जाम होण्याची भीती होती. इलाज काय केला? कमी चाललेल्या गाड्यांत त्या गिअरवर थेट तेलाची धार सोडणारी एक छोटी नळी बसवली. जास्त चाललेल्या गाड्यांत आधी गिअरचा रंग बघितला. तापून रंग बदललेला असेल तर ट्रान्समिशनच बदललं.

एकीकडे चुकीचं तेल, दुसरीकडे हव्या त्या जागी न पोचणारं तेल. म्हणून ‘कुठल्या कंपनीची घेऊ?’ या प्रश्नापेक्षा मला ‘तेल कधी बदललंय, पावती आहे का?’ हा प्रश्न मोठा वाटतो. कंपनीचा प्रश्न दुय्यम आहे, बिनकामाचा नाही. जुनी गाडी घेताना तिचा १७ अक्षरी-अंकी व्हीआयएन, म्हणजे ओळख नंबर, अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या, एनएचटीएसएच्या, साइटवर घालून बघा. कंपनीने परत बोलावूनही न झालेली दुरुस्ती बाकी आहे का ते बऱ्याचदा कळतं. फुकट आहे आणि दोन मिनिटांत होतं.

गाडी आधी बोलते

माझी पहिली मिनीव्हॅन. कंपनी कुठली ते सोडा. न्यू जर्सीतला डिसेंबर, सकाळी घरासमोरून मागे घ्यायला ‘आर’वर टाकलं. काही नाही. मनात एक-दोन म्हणेपर्यंत गाडी ढिम्म, मग धप्प करून धक्का आणि निघाली. थंडी आहे, तिलाही वेळ लागणारच, असं म्हणून मी तीन महिने काढले. माणसांना जसा सकाळचा चहा लागतो तसं काहीतरी असेल, असं बायकोलाही पटवलं.

मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियात पोकोनोच्या चढावर, मागे सासूसासरे बसलेले असताना, इंजिन अचानक ओरडायला लागलं. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा साडेचार हजारांवर आणि गाडीचा वेग मात्र ६० वरून ५०, ४०, ३५. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, आवाज विमानाचा, चाल बैलगाडीची. मग तो वास आला. खंबाटकी घाट चढताना पुढच्या ट्रकची क्लच प्लेट जळते तेव्हा येतो तोच. सासरे मागून शांतपणे म्हणाले, “जावईबापू, क्लच गेला.” मी म्हणालो, “बाबा, याला क्लच नसतो.” वर लिहिलेलं सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना न शिकता कळलं होतं.

सकाळचे ते दोन सेकंद म्हणजे काय होतं? रात्रभरात तेल खाली उतरलेलं आणि आतली रबरी सीलं वयाने कडक झालेली. क्लच दाबण्याइतका दाब तयार व्हायला वेळ लागत होता. गाडी गरम झाली की सीलं थोडी नरम पडतात आणि लक्षण लपतं. म्हणून ते फक्त सकाळी दिसतं.

बाकीची लक्षणंही ओळखता येतात. चाळीस-पन्नास मैलांच्या वेगाला, हलक्या पायाने जाताना, कडेच्या खडबडीत पट्टीवर गेल्यासारखी क्षणभर थरथर होते. जास्त वेगात हात आणि वाटीला थेट जोडून टाकणारा एक क्लच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये असतो, तो नीट धरत नसेल तर असं होतं. कधी गिअर बदलताना पाठीत बुक्की मारल्यासारखा धक्का बसतो. कधी गाडी एकाच गिअरमध्ये अडकते आणि काही केल्या पुढे बदलत नाही. जुन्या क्रायस्लरमध्ये ती दुसऱ्या गिअरला चिकटते. कॉम्प्युटरला काहीतरी चुकीचं दिसलं की आणखी नासधूस नको म्हणून तो गाडीला लंगडत घरी जाण्यापुरतंच चालू देतो.

पांढरा पेपर टॉवेल

मेकॅनिककडे जायच्या आधी घरच्या घरी होणारी तपासणी एवढीच. बॉनेट उघडा, ट्रान्समिशनची डिपस्टिक शोधा (इंजिनची वेगळी असते, दोन्हींत गोंधळ करू नका), बाहेर काढा आणि एक थेंब पांढऱ्या पेपर टॉवेलवर टेकवा.

बऱ्याचशा गाड्यांत हे तेल नवं असताना लाल असतं, डाळिंबाच्या रसासारखं. कोऱ्या चहासारखं तपकिरी झालं असेल तर जुनं आहे, पण आशा आहे. काळं, करपट वासाचं, बोटांत चोळल्यावर बारीक कचकच लागणारं असेल, तर क्लच जळून त्यात उतरलेत. आणि थेंब दुधाळ गुलाबी, थेट स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा दिसला, तर तिथूनच मागे फिरा. हे तेल थंड होण्यासाठी रेडिएटरच्या आतल्या एका नळीतून फिरतं. ती नळी आतून फुटली की कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी, तेलात मिसळतं, आणि पाणी लागलं की क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर सुटायला लागतं.

पातळी बघायची रीत मात्र गाडीनुसार वेगळी. जुन्या होंडात इंजिन गरम करून, बंद करून, दीड मिनिटाच्या आत बघायची. टोयोटा आणि क्रायस्लरमध्ये इंजिन चालू ठेवून. उलट केलंत तर पातळी चुकीची दिसेल आणि गरज नसताना तेल ओतून बसाल. काही गाड्यांत डिपस्टिकच दिलेली नसते. हा मला ग्राहकावरचा अन्याय वाटतो, पण इलाज नाही. तिथे गाडी वर उचलूनच बघावं लागतं.

“पण पुस्तकात तर लाइफटाइम लिहिलंय!”

लिहिलेलं असतं. प्रश्न एवढाच, की लाइफ कुणाचं? पहिल्या मालकाची वॉरंटी संपेपर्यंत गाडी सुरळीत चालली की कंपनीचं काम झालं. तुम्ही तिसरे मालक असता. त्याच पुस्तकात बऱ्याचदा ‘कठीण वापर’ असं एक वेगळं कोष्टक असतं. त्यात छोट्या फेऱ्या, कडक ऊन, डोंगर आणि ओझं हे सगळं येतं, आणि तिथे तेल बदलण्याचे मैल दिलेले असतात. मिनीव्हॅनचं अख्खं आयुष्य त्या कोष्टकात बसतं. मी दर ३० हजार मैलांना बदलतो.

“जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स जातो म्हणतात”

हे मी चार वेगवेगळ्या मेकॅनिककडून ऐकलंय आणि त्यात थोडं तथ्य आहे. बहुतेक लोक तेल बदलायला जातात कधी? गाडी घसरायला लागल्यावर. तोवर क्लच संपत आलेले असतात. तेल बदलल्यावर महिन्याभरात ते जातात आणि आळ नव्या तेलावर येतो. मरायला टेकलेल्या रुग्णाला शेवटी पाहणाऱ्या डॉक्टरसारखं. दुसरं, जुन्या तेलात झिजलेल्या चकत्यांची पूड असते आणि तिनेच थोडीफार पकड टिकलेली असू शकते, असं बरेच कारागीर मानतात. यंत्र लावून दाबाने सगळं तेल धुऊन काढणं, ज्याला फ्लश म्हणतात, ते म्हणून मी जुन्या गाडीला करत नाही.

साधा उपाय म्हणजे खालचा बोल्ट काढायचा, जेवढं येईल तेवढं सोडायचं आणि तेवढंच नवं भरायचं. टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल यात निघत नाही. समजा एकूण तेल ८ क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) आहे आणि एका वेळी ३ निघतं. पहिल्या खेपेला ३७ टक्के नवं झालं. आठवडाभर चालवून पुन्हा केलं तर ६० टक्के, आणि तिसऱ्यांदा केलं तर ७५ टक्के. हळूहळू, गाडीला न घाबरवता.

तेल मात्र त्याच गाडीसाठी सांगितलेलं. जुन्या होंडाला आता डीडब्ल्यू-वन, क्रायस्लरला एटीएफ प्लस फोर. डब्यावर ‘सर्व गाड्यांसाठी’ असं लिहिलेलं स्वस्त तेल बघून मला अल्ट्राड्राइव्ह आठवतं.

डॅशबोर्डवरचा दिवा लागला म्हणजे चार हजार डॉलर गेले का?

नाही. १९९६ पासूनच्या अमेरिकेतल्या गाड्यांना स्टिअरिंगखाली तपासणीचं एक सॉकेट असतं. वीस डॉलरच्या आसपास मिळणारा रीडर त्यात खुपसून फोनवर कोड वाचता येतो. पी०७०० दिसला तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच, की ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार नोंदली आहे. कुठली तक्रार ते शेजारचा दुसरा कोड सांगतो.

आणि ती तक्रार पुष्कळदा किरकोळ असते. क्रायस्लरमध्ये वेग मोजणारे सेन्सर बाहेरच्या बाजूला असतात आणि स्वस्त असतात. ओडिसीत तेलाचा दाब बघणारे छोटे स्विच जातात, तेही बाहेरून बदलता येतात. कमजोर बॅटरी किंवा गंजलेली अर्थिंगची वायरही कॉम्प्युटरला खोटं बोलायला लावते. दिवा बघून लगेच ‘नवं ट्रान्समिशन’ असं सांगणाऱ्या गॅरेजमधून मी किल्ली घेऊन बाहेर पडेन.

पण खरंच संपलं असेल तर? उघडून नवे क्लच आणि सीलं घालायची तर साधारण अडीच ते साडेचार हजार डॉलर. अडीच हजारांच्या गाडीवर एवढा खर्च वेडेपणा वाटतो, पण तुलना गाडीच्या किमतीशी करू नये, त्याच पैशांत दुसरी काय मिळेल तिच्याशी करावी. पत्रा गंजलेला नसेल आणि इंजिन निरोगी असेल, तर मी विचार करेन. ओहायोसारख्या रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यातली गाडी असेल तर आधी खाली वाकून पत्रा बघेन. माझी स्वतःची मी भंगारात दिली. खालचा सगळा सांगाडा खाल्लेला होता.

पुण्यातल्या ऑटोमॅटिकचं काय?

यातलं सगळं तिला लागू नाही. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर जी स्वस्त ऑटोमॅटिक भारतात आली, ती एएमटी. म्हणजे आपला नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच, फक्त पायाऐवजी यंत्र दाबतं. तिची दुखणी मॅन्युअलची. सीव्हीटीत गिअरच नसतात, दोन पुल्या आणि त्यांवरचा पट्टा असतो. तिला तिचंच तेल लागतं आणि तिथे चूक अजिबात खपत नाही. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी असेल तर मात्र वरचं बहुतेक सगळं खरं आहे.

हे सगळं भावाला फोनवर सांगितलं. शनिवारी दुपारी त्याने विकणाऱ्याच्या घरासमोरून फोटो पाठवला. टॉवेलवर कोऱ्या चहासारखा डाग.

मी विचारलं, “वास?”

“करपट नाही वाटत.”

“‘आर’वर टाकल्यावर थांबते का?”

“नाही दादा, लगेच निघते. एकदम मख्खन.”

“इंजिन गार होतं का तू गेलास तेव्हा?”

जरा वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाला, “नाही. आम्ही पोचलो तेव्हा चालूच होतं. म्हणाला, तुमच्यासाठी गरम करून ठेवलीय.”

“उद्या सकाळी सातला परत जा,” मी म्हटलं, “आणि आधी फोन करू नकोस.”